दोन तिकिटं, न फाडलेली

सुट्टी संपते, रापलेली कातडी पुन्हा ऑफिसच्या एसीत गोरी होते, फोटो कुठल्या तरी हार्ड डिस्कवर जाऊन पडतात. उरतं काय, तर ड्रॉवरच्या तळाशी थीम पार्कचं एखादं न वापरलेलं तिकीट. त्याचं करायचं काय? आम्ही ते घेतलं आणि सरळ शिर्डी गाठली!

तुमच्याही घरात असा एक ड्रॉवर असणारच. त्यात बंद पडलेला रिमोट असतो, तीन जुन्या मोबाइलचे चार्जर असतात, कुणाकुणाच्या लग्नपत्रिका असतात. आणि सगळ्यात खाली असतं एखादं गुळगुळीत, रंगीत तिकीट. चार जणांची काढली, एकाला ऐनवेळी ताप आला. किंवा दोन दिवसांचा पास घेतला आणि दुसऱ्या दिवशी पाऊस कोसळला. पैसे तर गेलेले असतात, पण तिकीट फेकायला जीव होत नाही. ‘बघू, पुढच्या वेळी चालवून घेऊ,’ असं म्हणत आपण ते परत तळाशी सारतो.

आमच्याकडे ड्रॉवर नव्हता, पाउच होता. बाबांचा. कुठल्याशा बँकेने दिवाळीला फुकट दिलेला, काळ्या रेक्झिनचा. आयुष्यभर अकाउंट्समध्ये नोकरी केलेला माणूस, त्यामुळे पाउचलाही शिस्त. दोन कप्पे, आतल्या बाजूला चिकटवलेल्या दोन चिठ्ठ्या. एकीवर ‘पूर्ण’, दुसरीवर ‘बाकी’. ‘बाकी’मध्ये डिपॉझिटच्या पावत्या, दुरुस्तीला टाकलेल्या मिक्सरची चिठ्ठी. ‘पूर्ण’मध्ये झालेल्या प्रवासांची तिकिटं. एसटीची, रेल्वेची, नगरच्या रणगाडा संग्रहालयाची. सगळी फाडलेली किंवा पंच केलेली.

बाबा २०२१ मध्ये गेले. पाउच उघडायला मला बराच काळ लागला. यंदा फेब्रुवारीत एका रविवारी बसले, तर ‘पूर्ण’च्या कप्प्यात दोन तिकिटं निघाली, अगदी कोरी, काउंटरफॉइलसकट. शिर्डीजवळच्या वॉटर पार्कची, मे २०१८. बाबांनी चुकीच्या कप्प्यात ठेवलीत म्हणजे! त्यांच्याकडून अशी चूक? मला जरा गंमतच वाटली, आणि मग पोटात खड्डा पडला. कारण ती दोन तिकिटं कुणाची होती, हे मला पक्कं आठवत होतं.

सात तिकिटं, पाच माणसं

त्या मेमध्ये आम्ही सगळे शिर्डीला गेलो होतो. आई-बाबा, दादा-वहिनी, त्यांची दोन पोरं आणि मी. सकाळी दर्शन, मग मुलांसाठी वॉटर पार्क. बाबांनी खिडकीवर जाऊन सातही तिकिटं काढली. आत जायच्या दारापाशी पोहोचलो आणि कळलं, साडी नेसून पाण्यात जाता येत नाही, नायलॉनचाच कॉस्च्यूम हवा. आई म्हणाली, “मी नाही बाई घालायची ते. तुम्ही जा.” बाबा लगेच म्हणाले, “मी थांबतो हिच्याबरोबर. चपला-बॅगा बघायला कुणीतरी हवंच ना!”

आपणही असे नग, दोन वेळा ‘चला ना’ म्हटलं आणि पळालो आत. सहा तास नुसती धम्माल! पाच वाजता ओल्या केसांनी बाहेर आलो, तर दोघं झाडाखालच्या कट्ट्यावर. समोर आमच्या पाच चपलांचे जोड ओळीने मांडलेले, मांडीवर बॅगा. तेव्हा काढलेला तो फोटो अजून माझ्याकडे आहे. सगळ्यांना तो फनी वाटतो. मला मात्र बाबा गेल्यापासून तो बघवत नाही. शेवटची एकत्र सहल, आणि त्या माणसाने ती चपला राखत घालवली!

म्हणून ठरवलं, तिकिटं वापरायची. चालली तर चालली, नाही तर नवी काढायची. पण या वेळी आई आत जाणार.

आधी थोडं तिकीटशास्त्र

निघण्यापूर्वी जरा अभ्यास केला. (इंजिनीअर आहे, सवय जात नाही!) उरलेल्या तिकिटांच्या बाबतीत जगात सगळ्यात दिलदार कोण असेल, तर जुनं डिस्ने. कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड १९५५ मध्ये सुरू झालं आणि तिथे लवकरच कुपनांची पुस्तिका मिळायला लागली. ‘ए’ कुपनावर साधीसुधी राइड, पुढे १९५९ मध्ये आलेल्या ‘ई’ कुपनावर सगळ्यात भारी. साहजिकच ‘ई’ आधी संपायची आणि ‘ए’, ‘बी’ घरी यायची. १९८२ मध्ये ही पद्धत बंद झाली, तोवर अमेरिकेतल्या घराघरांत अशी कुपनं साठली होती. फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डमध्ये तर २००४ पर्यंत कित्येक दिवसांच्या पासला मुदतच नसायची. पुढे २००५ पासून मुदत आली. ती नको असेल तर वेगळे पैसे मोजायचे, आणि २०१५ मध्ये तीही सोय गेली. पण जुनं ते जुनं. २०१७ मध्ये कॅनडातल्या एका बाईंनी १९८५ साली फुकट मिळालेला पास डिस्नेलँडच्या खिडकीवर दाखवला, आणि तिथल्या लोकांनी त्यांना आत सोडलं. बत्तीस वर्षांनी!

न्यू जर्सीतल्या माझ्या मावसबहिणीलाही विचारलं. ती म्हणाली, “आहे की आमच्याकडे एक कार्ड, दोन दिवस शिल्लक असलेलं. पण आता मुलं कॉलेजला. जायचं कुणी?” म्हणजे बघा, तिथे तिकिटाला मुदत नाही, पण घरातल्या माणसांना आहे.

आपल्याकडे उलट. एक तर तिकिटावर तारीख असते. दुसरं म्हणजे पार्कच राहील याची खात्री नाही. दिल्लीचं अप्पू घर १९८४ मध्ये सुरू झालं आणि २००८ मध्ये बंद झालं. मुंबईकरांच्या पिढ्या १९८९ पासून ज्या गोराईच्या एस्सेल वर्ल्डला बोटीने जात होत्या, ते कोविडच्या टाळेबंदीनंतर बंदच पडलं. शेजारचं वॉटर किंगडम तेवढं चालू राहिलं. कधी पार्क टिकतं आणि मालक बदलतो. खोपोलीचं इमॅजिका २०१३ मध्ये उघडलं, २०२२ मध्ये ते मालपाणी समूहाने घेतलं. हा समूह कुठला? संगमनेरचा! म्हणजे ज्या गावाला अख्खा महाराष्ट्र ‘गाय छाप’मुळे ओळखतो, त्या गावच्या लोकांच्या हाती आज रोलर कोस्टरच्या चाव्या आहेत. शिर्डी आणि लोणावळ्याचं वेट एन जॉय, शिर्डीचं साईतीर्थ ही त्यांचीच पार्क. २०२४ मध्ये तीही इमॅजिकाच्या कंपनीत गेली. आहे की नाही सॉलिड? थीम पार्क म्हटलं की आपल्याला फ्लोरिडा आठवतो, आणि राज्यातल्या या धंद्याचं मूळ निघतं प्रवरेच्या काठी!

आळेफाटा ते पेरू

शनिवारी पहाटे साडेपाचला पुण्याहून निघालो. मी आणि आई, दोघीच. दादा म्हणाला, “तिकिटं चालणार नाहीत, उगाच कशाला?” त्याला म्हटलं, “तू झोप.”

नाशिक हायवेने नारायणगाव, आळेफाटा मागे टाकलं की जिल्हा बदलतो. अहिल्यानगर जिल्हा. २०२४ मध्ये नाव बदललं, पण टपरीवर चहा घेताना तुम्ही ‘नगर’च ऐकणार. क्षेत्रफळाने राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा, आणि एका जिल्ह्यात किती जिल्हे! पश्चिमेला अकोले तालुक्यात कळसूबाई, हरिश्चंद्रगड, भंडारदऱ्याचा पाऊस, आणि पूर्वेला पावसाची वाट बघणारी रानं. आपण जातो तो मधला पट्टा. चंदनापुरीचा घाट उतरला की संगमनेर, आणि तिथून प्रवरेच्या पाण्याचा हिरवा मुलूख सुरू. भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ मध्ये पुरं झालं आणि इथला ऊस तेव्हापासूनचा. लोणीला रस्त्यात उसाच्या ट्रॅक्टरमागे वीस मिनिटं अडकलो. एरवी हॉर्न बडवला असता. पण आई म्हणाली, “अगं, इथेच तो पहिला कारखाना.” खरंच की. सहकारी तत्त्वावरचा आशियातला पहिला साखर कारखाना, १९५० सालचा, इथलाच. शाळेत पाच मार्कांना पाठ केला होता, आज त्याच्यासमोर ट्रॅफिक जॅममध्ये!

बाभळेश्वर, राहाता. राहात्याचा पेरू खाल्ला नसेल तर तुम्ही अजून पेरू खाल्लेलाच नाही, बॉस. रस्त्याच्या कडेला टोपल्या लागलेल्या असतात. चिरून, तिखट-मीठ लावून घ्यायचा आणि गाडीच्या बॉनेटला टेकून खायचा. आईने दोन खाल्ले. ती खुशीत दिसत होती, मात्र वॉटर पार्कचा विषय काढला की खिडकीबाहेर बघायची. मला वाटलं, कॉस्च्यूमचं टेन्शन असेल.

“आम्ही कुठे बाहेर बसलो होतो?”

अकरा वाजता खिडकीवर पोहोचलो. आतल्या मुलाच्या हातात तिकिटं ठेवली. तो विशीचा असेल. त्याने ती उलटसुलट पाहिली, तारीख वाचली आणि हसू दाबत म्हणाला, “मॅडम, ही आली तेव्हा मी शाळेत होतो.” मीही हसले. चालणार नाहीत हे माहीतच होतं. त्याने तिकिटं परत दिली, म्हणाला, “ठेवा आठवण म्हणून. नवी देऊ का, दोन?”

मी पर्स उघडली, तर आईने माझा हात धरला. “थांब जरा. आधी रस पिऊ.”

समोर रसवंती होती. घुंगरं छुमछुमत होती. आई बाकावर बसली, ग्लास हातात घेतला आणि म्हणाली, “तुला वाटतं ना, आम्ही त्या दिवशी इथे बाहेर बसून होतो?”

“मग? फोटो आहे माझ्याकडे.”

“आम्ही कुठे बाहेर बसलो होतो? तुम्ही आत गेलात आणि दहा मिनिटांत आम्ही निघालो. चपला-बॅगा या रसवाल्याकडे ठेवल्या. वीस रुपये दिले त्याला.”

“निघालात? कुठे?”

“कोपरगावला. काळीपिवळीने.”

माझ्या ग्लासातला रस तसाच राहिला. सहा तास! आणि आम्हाला पत्ताच नाही! आई सांगत होती आणि तिचा चेहरा कॉलेज बंक केलेल्या मुलीसारखा झाला होता. परत यायला उशीर होत होता म्हणून बाबांनी हायवेवर अक्षरशः हात आडवा करून जीप थांबवली होती. पाच वाजायला पाच मिनिटं असताना दोघं पोहोचले, धावत चपला घेतल्या, कट्ट्यावर मांडल्या आणि बसले. “तू बाहेर आलीस आणि विचारलंस, बाबा कंटाळलात का? तर म्हणाले, फार.”

मी हसत होते, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. रसवाल्याने विचारलं, “ताई, आलं जास्त झालं का?”

जिथे मुहूर्त लागत नाही

मग काय, गाडी वळवली. शिर्डीहून कोपरगाव जेमतेम पंधरा किलोमीटर. लोक मनमाडची गाडी पकडायला नाही तर समृद्धी महामार्गावर चढायला इथून जातात आणि गावात शिरतच नाहीत. तुम्ही शिरा. राघोबादादा, म्हणजे रघुनाथराव पेशवे, १७८३ मध्ये याच गावी वारले. त्यांचा वाडा इथे आहे. पण आम्हाला जायचं होतं गोदावरीच्या काठी, बेट भागात. तिथे शुक्राचार्यांचं देऊळ आहे. दैत्यांच्या गुरूचं देऊळ! असं देऊळ क्वचितच कुठे बघायला मिळतं. जवळच कचेश्वराचं देऊळ. या भागात कच-देवयानीची गोष्ट ही पुराणातली गोष्ट राहात नाही, गल्लीतली होते.

गोष्ट आठवते ना? देवांचा कच शुक्राचार्यांकडे संजीवनी विद्या शिकायला येतो. दैत्य त्याला मारतात, देवयानी रडते, शुक्राचार्य त्याला जिवंत करतात. पुन्हा मारतात, पुन्हा जिवंत. तिसऱ्या वेळी तर त्याची राख दारूत मिसळून गुरूलाच पाजतात. शेवटी कच विद्या घेऊन निघून जातो आणि देवयानी एकटी राहते.

“लग्नाआधी मी ‘ययाति’ वाचली होती,” आई मंडपात बसून सांगत होती. “खांडेकरांची. तुझे बाबा बघायला आले तेव्हा काहीतरी विचारायचं म्हणून त्यांनी विचारलं, काय वाचता? मी म्हटलं, ययाति. आणि सांगितलं, की मला देवयानीचा राग नाही येत, तिची दया येते. कुठे असेल बरं तिचं घर, असं उगाच बोलून गेले. पुढे संसार, नोकऱ्या, तुमच्या शाळा. मी विसरूनही गेले. त्या दिवशी तुम्ही आत गेलात तशी हे म्हणाले, चल, तुला देवयानीचं घर दाखवतो. तिथे आहे म्हणतात. त्यांनी आदल्या रात्री लॉजवाल्याकडून सगळं विचारून ठेवलं होतं.”

म्हणजे कॉस्च्यूम नव्हता हे निमित्त. बाबांचा प्लॅन आधीच ठरला होता. पण मग सात तिकिटं का काढली? आई म्हणाली, “पाचच काढली असती तर तुम्ही विचारलं असतं, तुमची कुठेत? मग दादा म्हणाला असता, आम्ही पण येतो. आणि मुलांचा दिवस गेला असता.” बाबांनी दोन तिकिटांचे पैसे मोजले ते आपल्या दोघांच्या एका दुपारसाठी!

या देवळाबद्दल इथले लोक आणखी एक गोष्ट मानतात. इथे लग्न लावायचं तर मुहूर्त बघावा लागत नाही, कुठलाही दिवस चालतो. आईने हे सांगितलं आणि गप्प झाली. मग म्हणाली, “तेव्हा ते म्हणाले होते, बघ, इथे तारीख लागत नाही.”

घाटावर आम्ही तासभर बसलो. गोदावरीचं पात्र रुंद, पाणी संथ. पलीकडच्या काठावर कुणीतरी म्हशी धूत होतं. मोबाइलला रेंज होती, तरी तो बॅगेतच राहिला.

आणि मग वॉटर पार्क?

गेलो की! रविवारी सकाळी नवी तिकिटं काढली. मी काही बोलायच्या आत आई भाड्याच्या कॉस्च्यूमच्या खिडकीपाशी उभी होती. गुडघ्याच्या खालपर्यंतची पॅन्ट आणि सैल टी-शर्ट, दोन्ही गडद निळे. आरशात पाहून म्हणाली, “दादाला फोटो पाठवलास तर बघ!” (पाठवला. अर्थातच.)

मोठ्या घसरगुंड्यांकडे तिने बघितलंही नाही. पण संथ वाहणाऱ्या पाण्यात, भल्या मोठ्या ट्यूबवर बसून तिने पाच फेऱ्या मारल्या. आजूबाजूला कॉलेजची पोरं किंचाळत होती आणि आई डोळे मिटून, हात पाण्यात सोडून तरंगत होती. दुसऱ्या फेरीला म्हणाली, “हे बरंय. गुडघे दुखत नाहीत.” पाचव्या फेरीला काहीच म्हणाली नाही.

ऑफिसात आपण रोज किती जणांना ‘नेक्स्ट वीक करू’ म्हणतो! आई-बाबांच्या बाबतीत तर आपण ते मनातल्या मनात म्हणतो, त्यांना कळतही नाही. एक दिवस ड्रॉवर उघडतो आणि तारीख उलटलेली असते. माझं नशीब म्हणून अर्धं तिकीट अजून बाकी होतं.

रात्री घरी आल्यावर पाउच काढला. ती दोन जुनी तिकिटं हातात घेतली आणि सवयीने ‘बाकी’च्या कप्प्यात सरकवायला गेले. आई मागे उभी होती.

“तिथे नको गं,” ती म्हणाली. “होती तिथेच ठेव.”

मी ती ‘पूर्ण’मध्ये ठेवली. बाबांनी ठेवली होती तशीच.

तुमचाही ड्रॉवर उघडताय?

तारीख छापलेलं तिकीट त्या दिवसापुरतंच, त्याची आशा सोडा. व्हाउचर किंवा ओपन तिकीट असेल तर मुदत बघा आणि निघण्याआधी फोन करा, कारण सुट्ट्यांच्या दिवशी ती बऱ्याचदा चालत नाहीत. बुकिंग करून जाता येत नसेल तर तारीख बदलायची विनंती आधीच करा, नंतर कुणी ऐकत नाही. पार्कचा मालक बदललाय? तरी विचारून बघा, विचारायला पैसे पडत नाहीत. आणि आई-बाबांना नेत असाल तर कॉस्च्यूमचा विषय घरीच मिटवा. भिजायचंच नसेल तर शिर्डीत साईतीर्थ आहे. तिथे शो बघायचे, ‘लंकादहन’ तर फाइव्ह-डी!

कसं जाल?

पुण्याहून संगमनेर-लोणीमार्गे शिर्डी साधारण १९० किलोमीटर. मुंबईकरांना जून २०२५ पासून आमणे ते शिर्डी सलग समृद्धी महामार्ग मिळालाय. सीएसएमटीहून साईनगर शिर्डीला फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारत आहे. शिर्डीहून कोपरगाव १५ किलोमीटर. हाताशी आणखी एक दिवस असेल तर अहिल्यानगर शहर गाठा. नेहरूंनी १९४२ ते १९४५ या काळात कैदेत असताना ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं तो भुईकोट किल्ला आणि १९९४ मध्ये सुरू झालेलं रणगाडा संग्रहालय तिथे आहे. तिकीट मात्र जपून ठेवा!